आवतण आणि बोलावणं

लिस्प ही संगणकाची भाषा मी पन्नाशीत शिकलो. मी गणिताचा मास्तर. कॉलेजात संगणक आला तेव्हा बाकीच्यांनी हात वर केले आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं. पुढं जमलं बऱ्यापैकी. निवृत्त झालो तरी दोन-चार पोरं घरी शिकायला यायची, अजून येतात. त्यांच्या बहुतेक चुका मी हसत दुरुस्त करतो. कंस कमी पडला, कंस जास्त झाला, हे चालायचंच, या भाषेत कंसांना तोटा नाही. पण एक चूक अशी आहे की ती दिसली की माझं डोकं फिरतं.

चूक साधी आहे. लिस्पमध्ये कामांचीसुद्धा यादी करता येते. समजा एक फंक्शन दिलेली वस्तू धुतं, दुसरं पुसतं, तिसरं रंगवतं. या तिघांची नावं एका यादीत मांडायची, मग एकेक नाव उचलून त्याला हाक द्यायची, की बाबा, ये, ही वस्तू घे आणि तुझं काम कर. त्या हाकेला फनकॉल म्हणतात. नवखी पोरं यादी झकास करतात. यादीवर फिरणारा फेराही बरोबर लिहितात. आणि आत नुसतं नाव लिहून मोकळी होतात, फनकॉल विसरतात. यंत्र तक्रार करत नाही, हे त्यातलं वाईट. ते पहिलं नाव उचलतं, पाहतं, ठेवून देतं. दुसरं उचलतं, ठेवून देतं. शेवटपर्यंत जातं आणि निल असं उत्तर देतं. निल म्हणजे काहीच नाही. वस्तू जिथल्या तिथं, न धुतलेली.

मागच्या महिन्यात एक पोरगी असंच निल घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मी सगळ्यांची नावं तर दिलीत." मी तिच्यावर असा ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोरगी रडवेली झाली. मग मी तिला चहा पाजला, चूक दाखवली, पण का ओरडलो ते काही सांगितलं नाही. सांगायला बसलो असतो तर चहा निवला असता. ते इथं सांगतो.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा उन्हाळा असेल. अमेरिकेत त्याच सुमाराला कुणीतरी ही भाषा मांडत होतं, असं मी पुढं वाचलं. आमच्याकडं त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचं लग्न होतं. गाव रिसोड तालुक्यातलं, केनवडच्या फाट्यावरून आत बैलगाडीच्या वाटेनं जायचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी अमरावतीला कॉलेजात शिकत होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो.

वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. घरात आई, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान बहीण. गावात भावकी मोठी, पण आमचं तिच्याशी धड नव्हतं. वडिलांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो, ते भावकीचे प्रमुख आणि गावाचे मानकरी. त्यांचं आमचं शेत लागून. मधल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी कुणाच्या, यावरून वडील असतानाच भांडण झालं होतं. वडील गेले तेव्हा ते खांदा द्यायला आले, आणि तेराव्यानंतर आमच्या दारात पाऊल टाकलं नाही. आईनंही मला त्यांच्या दारात जाऊ दिलं नाही. बाभळी मात्र दोघांच्याही कामी न येता वाढत होत्या.

बहिणीला स्थळ आलं ते कारंज्याकडचं. मुलगा सातवीची फायनल पास, शाळेत मास्तर. पाहायला आले तेव्हा त्यानं तिला एवढंच विचारलं की वाचता येतं का. तिनं येतं म्हटलं. मंडळी गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याहिच्या घरी पेपर येत असन काय रे, भाऊ?" मी म्हटलं, मास्तराकडं येतच असेल. ती पुढचे दोन महिने कामं करताना गुणगुणत होती. आमच्या घरात वडील गेल्यापासून कुणी गुणगुणलं नव्हतं.

कार्य उभं करायला मामा आला. मामा नागपूरला एका कचेरीत कारकून. लहानपणीच शिकायला शहरात गेला तो तिथलाच झाला. आईवर त्याचा भारी जीव. महिनाभराची रजा काढून आला होता आणि पहाटेपासून खपायचा, त्यात खोटं काही नाही. पण त्याला खेड्यातलं सगळं गबाळं वाटायचं. आल्या आल्या त्यानं कागद काढला आणि लग्नात लागणाऱ्या सगळ्या माणसांची यादी केली. मांडव घालणारा सुतार, मडकी आणणारा कुंभार, वाजंत्री, पाणी भरणारे, गाड्यावाले, पंगतीला वाढणारे, आणि भावकीतलं एकूण एक घर. कचेरीतल्या सवयीनं यादी अकारविल्हे लावली. कोण काय करणार तेही पुढं लिहिलं. अक्षर मोत्यासारखं. माझ्या बहिणीचं नाव त्यात नव्हतं, पण ते असायचं कारणही नव्हतं. सगळ्यांनी जे करायचं ते तिच्यासाठीच होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मामानं मारुतीच्या पारावर गावाला जमवलं आणि यादी खड्या आवाजात वाचून दाखवली. ज्यानं मान हलवली त्याच्या नावापुढं खूण केली. मोठेबाबा स्वतः पारावर आले नव्हते, त्यांचा गडी आला होता. त्यानं मान हलवली, तिथंही खूण झाली. घरी येऊन मामा आईला म्हणाला, "झालं बघ ताई. तुमच्या इथं जे आठ दिवस चालतं ते मी अर्ध्या तासात उरकलं." आणि गावच्या म्हाल्याला, म्हणजे न्हाव्याला, त्यानं सांगून टाकलं की तू घरोघर हिंडू नकोस, वऱ्हाड येईल त्यांची दाढी-हजामत तेवढी बघ. म्हाली बिचारा हो म्हणाला. पाहुण्याशी वाद कोण घालतो?

लग्नाच्या सकाळी मी तीन गाड्या घेऊन फाट्यावर गेलो आणि मोटारीनं आलेलं वऱ्हाड घेऊन आलो. या तीन गाड्या मामानं केनवडहून भाड्यानं आणल्या होत्या, म्हणून त्या तरी वेळेवर निघाल्या. वऱ्हाड शाळेत उतरवलं. तोच जानोसा. मुहूर्त दुपारच्या आतला होता. मी पाहुण्यांना पाणी दिलं, चहा दिला, म्हाली आपली पेटी उघडून बसला. उन्हं चढत गेली. गाव असं चिडीचूप की वडाच्या पाखरांचा आवाज तेवढा येत होता.

नवरदेवाचे वडील ओट्यावर बसले होते. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी म्हाल्याला विचारलं, "काहून रे, गावचं कोनी दिसत नाही? वाजंत्री बी नाही."

म्हाली वस्तरा पुसत म्हणाला, "मले काई माहीत नाही मालक. यंदा बोलावनं माह्याकडं नाही."

"तुह्याकडं नाही त कोनाकडं?"

"कोनाकडंच नाही. मले फिरू नको म्हनून सांगितलं."

त्यानं खरं तेच सांगितलं. पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग मी बघितला. त्या काळी एखाद्या घराला गावानं वाळीत टाकलं की पहिली गोष्ट व्हायची ती हीच. म्हाल्याला त्या घराचं बोलावणं फिरवायची मनाई. भावकीतल्या भांडणाची कुणकुण कारंज्यापर्यंत आधीच गेली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

"पाह्य बापू," ते म्हणाले, "माह्या घरी आनखी तीन पोरी लग्नाच्या आहेत. गावानं टाकलेल्या घरची सून आनली त त्याइले कोन करन? मुहूर्ताच्या आत गाव मांडवात दिसलं पाहिजे. नाही दिसलं त आमी जातो. तुह्या बहिनीवर माहा राग नाही."

मी धावत घरी आलो. मांडवात मावशी, तिची माणसं आणि मामाच्या कचेरीतले दोघं, एवढेच. बाकी सगळा मांडव मोकळा. आचारी लांबून आणलेला, त्याचा स्वयंपाक मात्र तयार होता. मामा घड्याळ बघत येरझारा घालत होता. मला पाहून म्हणाला, "येतील रे. खेड्यातल्या लोकांना वेळेची किंमत नाही." मी त्याला नवरदेवाच्या वडिलांचं बोलणं सांगितलं तसा तो पांढरा पडला. खिशातून यादी काढून मला दाखवायला लागला. "हे बघ, खुणा बघ. एकानंही नाही म्हटलेलं नाही. सगळ्यांची नावं घेतली मी."

विधवा बाईनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, म्हणून आई सकाळपासून मधल्या घरात दाराआड बसली होती. तिथून तिचा आवाज आला. "आज बोलवाले कोन गेलं?"

मामा म्हणाला, "बोलवायला? परवाच नाही का सांगितलं सगळ्यांना?"

"ते आवतन झालं," आई म्हणाली. "आज बोलवाले कोन गेलं?"

मामा पुन्हा यादीवरून बोट फिरवायला लागला, तसं तिला कळलं. मलाही कळलं.

आमच्याकडं आवतण वेगळं आणि बोलावणं वेगळं. आधी आवतण द्यायचं, म्हणजे आमच्याकडं कार्य आहे, तुम्ही यायचं, हे कळवायचं. माणूस हो म्हणतो आणि आपल्या घरी जातो. मग कार्याच्या दिवशी, सगळी तयारी झाली की म्हाली पुन्हा घरोघर जातो, दारात उभा राहतो आणि म्हणतो, चला. तेव्हा माणूस उठतो. त्याआधी उठून गेला तर तो हावरट, आगंतुक. न बोलावता पंगतीला गेला म्हणून आयुष्यभर चिडवलेली माणसं आमच्या गावात होती. मी काही हे विसरलो नव्हतो. पण म्हाली फिरून आला असेल हे मी धरूनच चाललो होतो, कारण तो फिरला नाही असं लग्नच मी पाहिलं नव्हतं. मामानं सगळ्या गावाची नावं घेतली होती आणि हाक एकालाही मारली नव्हती.

म्हाल्याला जानोशातून आणायलाही वेळ नव्हता. मी मामाच्या हातातली यादी ओढली आणि पळालो.

वरून सुरुवात केली. पहिलं नाव आमच्याच गल्लीतल्या सुताराचं. तो धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसला होता. बायको नवं लुगडं नेसून दारात. मी म्हटलं, "चला." तो उठला, आणि उठता उठता त्यानं मोठेबाबांविषयी विचारलं, "मोठे मालक निघाले काय?"

"नाही अजून."

तो परत बसला. "त्याहिच्या आंधी मी कसा येऊ भाऊ? तुमीच सांगा."

मी पुढच्या घरी गेलो. तेही तयार होऊन बसलेले, आणि तिथंही तोच प्रश्न. तिसऱ्या घरी म्हातारा मला बघून हसला आणि म्हणाला की बरं झालं आलास, आम्हाला वाटलं लग्न पुढं गेलं. मोठे मालक निघाले नाहीत म्हटल्यावर तोही बसला. वाजंत्रीवाले आपल्या दारातल्या निंबाखाली वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "पयले मानकऱ्याच्या दारी वाजवाव लागते, त्याहिले घेऊन मंग मांडवात. त्याहिचं बोलावनं झालं काय?" सगळं गाव अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, दारात बसलं होतं. उन्हात पळताना प्रत्येक दारात ती नटलेली माणसं बघून मला वेड लागायची पाळी आली. एकाच्याही मनात आमच्याविषयी वाईट नव्हतं, आणि माझ्या बहिणीचं लग्न त्यांच्या डोळ्यांसमोर मोडत चाललं होतं.

पुढं लिस्प शिकवताना मी पोरांना सांगत आलो की यादीतली कामं एकमेकांवर अवलंबून असतील तर क्रम चुकवू नका, पहिल्याचं उत्तर आलं नसेल तर दुसरं अडून बसतं, आणि एक अडलं की पुढची सगळी ओळ पडून राहते. पोरं लिहून घेतात. मामाची यादी अकारविल्हे होती. मोठेबाबांचं नाव 'स'वरून, शेवटच्या पानावर होतं.

त्यांच्या दारात जायचं म्हणजे आईचा शब्द मोडायचा. पण आईनंच त्या क्षणी मला जा म्हटलं असतं, एवढं कळण्याइतकं डोकं शिल्लक होतं. मी गेलो. मोठेबाबा फेटा बांधून बैठकीत लोडाला टेकून बसले होते. मोठीआई शेजारी, पुढ्यात आहेराचं ताट रुमालानं झाकलेलं. मला धाप लागली होती. मी पायावर डोकं ठेवलं आणि तिथंच म्हटलं, "चला."

त्यांनी मला उठवलं नाही. म्हणाले, "मी सकायपासून बसून राह्यलो. मले वाटलं, पोरानं बाभयीचा राग धरला."

"मोठेबाबा, राग नाही. बोलावनं फिरलंच नाही. कोनाकडंच नाही. मामानं नावं वाचली, त्यातच झालं समजला."

"नाव वाचल्यानं मानूस येते काय? नाव त मेलेल्याचं बी वाचता येते." मग ते मोठीआईला म्हणाले, "चाल व."

ते उठले तेव्हा मला रडू फुटलं. पण मानकरी माणूस पळत नाही. त्यांना पळा म्हणायची माझी छाती नव्हती. वाजंत्री त्यांच्या दारात आली, वाजली, मग ते निघाले. प्रत्येक घरापुढं थांबायचे, काठी टेकवायचे, म्हणायचे, चला. आणि जे दार माझ्या हाकेला हललं नव्हतं त्यातून माणसं भराभर बाहेर पडायची. सुतार, म्हातारा, कुंभार डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन, बाया गाणी म्हणत. बघता बघता सगळा रस्ता भरला. इतकं गाव मी कुणाच्या लग्नात बघितलं नव्हतं. मी पुढं दोन पावलं जायचो, मागं यायचो, सूर्याकडं बघायचो. सावली पायाखाली आली होती. मनात एकच चाललं होतं की थोडं लवकर, देवा, थोडं लवकर.

रीत अशी की गावानं आधी जानोशात जायचं आणि वऱ्हाडाला वाजतगाजत मांडवात आणायचं. तसे आम्ही शाळेवर गेलो. शाळेचं दार उघडं होतं. सतरंज्यांवर चहाचे कप होते, दाढीच्या फेसाची वाटी होती. म्हाली एकटा पायरीवर बसला होता. "आत्ताच गेले," तो म्हणाला. "तुमच्या ढोलाचा आवाज आला तवा गाड्या जुंपल्या होत्या. मी म्हनलं थांबा. त्याहिले वाटलं, गाव भांडाले येऊन राह्यलं."

मोठेबाबांनी आपली दमणी, म्हणजे पळणाऱ्या बैलांची हलकी गाडी, जुंपायला लावली. मी ती अशी हाकली की बैलांच्या तोंडाला फेस आला. फाट्यावर पोचलो तेव्हा मोटार उभी होती आणि वऱ्हाडाच्या ट्रंका टपावर चढवत होते. नवरदेव खिडकीशी बसला होता. बाशिंग काढून त्यानं टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं. त्यानं मला पाहिलं आणि खाली बघितलं. मी त्याच्या वडिलांपुढं हात जोडले.

"गाव आलं," मी म्हटलं. "सगळं आलं. मोठेबाबा आले. चूक झाली, बोलावनं राहून गेलं होतं. चला तुमी. मी बोलवाले आलो."

मोटारीच्या दारातून त्यांनी एक पाय खाली पायरीवर ठेवला. मला वाटलं, उतरतात. ते म्हणाले, "गाव आलं हे तू सांगून राह्यला बापू. मले दिसलं नाही. अन् मुहूर्त त गेला."

"दुसरा काढू. संध्याकायचा काढू."

"एकदा उठलो न आता." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एवढे लोकं घेऊन वापस फिरलो त माह्याच गावात मले लोकं हसतीन. जाय तू घरी. उन्हात उभा राहू नको."

मोटार गेली. मी दमणीत बसलो आणि बैल आपल्या मनानं वळले.

घरी आलो तर मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. एकदा बोलावलं म्हटल्यावर प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं. बोहल्यापाशी मडक्यांच्या उतरंडी लागल्या होत्या. पाणी भरलेलं होतं, पत्रावळी मांडून झाल्या होत्या. सुतारानं मांडवाचा सैल झालेला खांब पक्का केला होता. वाजंत्री वाजत होती, कारण थांबा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मी एकटाच गाडीतून उतरलो तेव्हा त्यांचं आपोआप थांबलं. बहीण हळदीच्या अंगानं मधल्या घराच्या दारात उभी होती. तिनं माझ्या मागं गाडीत बघितलं.

गाव बसून राहिलं. उठून जाता येईना आणि जेवताही येईना. मामा खांबाला धरून लहान पोरासारखा रडत होता. मला त्याचा इतका राग आला होता की जवळ जावंसं वाटलं नाही, आणि कीवही येत होती. शेवटी आई बाहेर आली. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच ती चारचौघांत, मांडवाच्या मधोमध आली. पदर सावरून सगळ्यांना म्हणाली, "चला. जेवून घ्या." कुणी हललं नाही. मग मोठेबाबांनी तांब्या उचलला, बाहेर जाऊन हात धुतले आणि पत्रावळीवर येऊन बसले. त्यांच्यामागं सगळे बसले. एवढ्या मोठ्या पंगतीत वाढप्यांच्या पायांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. बुंदी उरली ती दुसऱ्या दिवशी गुरांना घातली.

हळद लागलेली मुलगी घरात ठेवायची नाही म्हणतात. मोठेबाबांनी महिनाभर पायपीट केली. भांडण त्या दिवशीच संपलं होतं, बाभळीही त्यांनी आम्हाला देऊन टाकल्या. कारंज्याला ते स्वतः दोनदा जाऊन आले, पण मास्तरांचं तोवर दुसरीकडं जमलं होतं. शेवटी शिरपूरकडचं एक घर मिळालं. माणूस बिजवर, बायको गेलेली, दोन लेकरं, वय माझ्या मामाच्या आसपास. माणूस वाईट नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावरचा शेवटचा मुहूर्त धरला. आईनं बहिणीला विचारलं नाही, मीही विचारलं नाही. विचारून तिनं नाही म्हटलं असतं तर आमच्याकडं दुसरं काय होतं?

या वेळी यादी नव्हती. सकाळी म्हाली निघाला, पहिलं बोलावणं मोठेबाबांच्या दारी, मग भावकी, मग गाव, जसं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं तसं. मी त्याच्याबरोबर एकेका घरी फिरलो. सगळे उठले, सगळे आले. वाजंत्री जानोशावर गेली आणि वऱ्हाड घेऊन आली. मुहूर्ताला वेळ होता. मांडवात सगळं जिथल्या तिथं होतं. मोठेबाबांनी मला खूण केली, तसा मी बहिणीला आणायला मधल्या घरात गेलो.

ती पिवळं लुगडं नेसून पाटावर बसली होती. डोळे कोरडे होते.

"चाल," मी म्हटलं.

"गाव आलं काय?"

"आलं."

"मोठेबाबा?"

"ते पयले आले."

"अन् ते लोकं?"

"ते बी आले. सगळे आले, बाई. आता तूच राह्यली. चाल."

ती उठली नाही. बाहेर वाजंत्री थांबली आणि भटजींनी मुलीला आणा म्हणून आवाज दिला.

"सगळे आले न?" ती म्हणाली. "मंग मले कायले बोलावून राह्यला, भाऊ? धरून ने."

मी तिचा हात धरला आणि तिला मांडवात नेलं.